धबधबा किती वाजता सुरू करता?

निसर्ग नेमका कोणाच्या मालकीचा, यावर वनखातं, महसूल खातं आणि पाटबंधारे खातं यांचं एकमत होणं कठीण. भंडारदऱ्यात राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या मनात मात्र याबद्दल तिळमात्र शंका नसते. निसर्ग लॉजच्या मॅनेजरचा! पाऊस त्याने पाडायचा, धुकं त्याने नाश्त्याच्या आत हटवायचं, काजवे त्याने जेवणं उरकेपर्यंत तयार ठेवायचे आणि यातलं काही कमी पडलं तर तेवढी रक्कम बिलातून वजा करून द्यायची. त्या मॅनेजरच्या खुर्चीत सध्या मी बसतो. खुर्ची प्लास्टिकची आहे आणि तिचा एक पाय विटेवर टेकवलाय, पण अधिकार एवढा मोठा म्हटल्यावर अशा गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात.

आमचं लॉज शेंडीपासून पुढे, तलावाच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेंडी म्हणजे भंडारदऱ्याची बाजारपेठ. तिथे एसटी थांबते, वडापाव मिळतो आणि मोबाईलला रेंज असते. तिथून पुढे या तिन्ही गोष्टी आळीपाळीने पाहुण्यांचा निरोप घेतात. आमच्या गेटाशी पोचेपर्यंत उरतो तो फक्त रस्ता, आणि जुलैत त्याचीही खात्री देता येत नाही. जाहिरातीत याला ‘निसर्गाच्या कुशीत’ असं म्हटलं आहे. रेंज आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर चढलं की येते, त्यामुळे बुकिंगचे फोन मी टाकीवर उभा राहून घेतो. खालून बघणाऱ्याला वाटावं की पगार थकलाय म्हणून मॅनेजर टाकीवर चढलाय. क्वचित तेही खरं असतं.

मॅनेजर म्हणजे काय काम करतो, असं घरचे विचारतात. गिझर चालू करतो. गिझर चालू का होत नाही ते सांगतो. इन्व्हर्टर किती वेळ टिकेल याचा अंदाज बांधतो आणि पाहुण्यांना त्याच्या दुप्पट सांगतो. आधार कार्डाच्या झेरॉक्स फाइलला लावतो. गाडीची चावी आत ठेवून दार लावून घेतलेल्या काकांना धीर देतो. स्वयंपाक मावशींकडे आणि बाकी सगळं म्हणजे राखण, लाकडं, साप, प्लंबिंग, वाट दाखवणं आणि हवामानखातं वॉचमन बाबांकडे. दोघंही इथलेच, आसपासच्या वाड्यांतले. बाबांच्या आजोबांची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली. पाहुणे बोटीत बसून फोटो काढायला लागले की बाबा काठावरून शांतपणे सांगतात, ‘‘आमच्या वावरात होडी चालती. नांगर नाय चालत आता, पण होडी चालती.’’ पाहुण्यांना हा विनोद वाटतो. ते हसतात, आणि बाबाही त्यांच्याबरोबर हसतात.

तर फोन. जूनच्या पहिल्या सरीबरोबर टाकीवरचे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘‘धबधबा चालू आहे का?’’ दुसरा त्याच्याहून सरस. ‘‘किती वाजता सुरू करता?’’

ऐकणाऱ्याला हसू येतं. भंडारदऱ्यात थोडे दिवस काढलेल्या माणसाला येत नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर आहे. इथला सगळ्यात प्रसिद्ध धबधबा, अंब्रेला फॉल, हा खरोखरच सुरू केला जातो आणि बंदही केला जातो. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. उंची 270 फूट, दगडी बांधकाम, आणि भिंतीवरून खाली बघितलं तर आपण गेल्या वर्षी दुरुस्त केलेल्या आपल्या कंपाउंडची लाज वाटावी इतकं पक्कं. या धरणाच्या पायथ्याशी एक गोलसर कातळ आहे. मोरीतून पाणी सोडलं की ते त्या कातळावर पसरून चहूबाजूंनी खाली उतरतं आणि उघडलेल्या छत्रीचा आकार होतो. मोरी बंद केली की छत्री मिटते. समोरच्या छोट्या पुलावर ओढणी सावरत उभ्या राहिलेल्या पंचवीस-तीस बायका आणि त्यांचे फोटो काढणारे तितकेच नवरे मग एका ओल्या दगडाकडे बघत राहतात.

आता मोरी कधी उघडायची, हे पर्यटनाचं वेळापत्रक बघून ठरत नाही. धरणात अकरा टीएमसी पाणी मावतं आणि त्याच्या थेंबाथेंबावर खालच्या लोकांची नजर असते. निळवंडे, मग संगमनेर, मग राहाता, श्रीरामपूर, असं ते पाणी कालव्यांनी उसापर्यंत जातं. पावसाळ्यात धरण भरून वाहायला लागलं तर गोष्ट वेगळी. एरवी आवर्तन सुटलं तर पाणी, नाहीतर नाही. थोडक्यात, श्रीरामपूरच्या उसाला तहान लागली की दादरच्या कुटुंबाला धबधबा दिसतो. रंध्याचंही तेच. इथून दहा-अकरा किलोमीटरवर प्रवरा दीडशे फुटांहून खोल दरीत उडी घेते. वरून पाणी आलं असेल तर तो आवाज घोरपडादेवीच्या देवळापाशी छातीत घुमतो. पाणी नसेल तर तोच रंधा म्हणजे कातळाला आलेली ओल. उन्हाळ्यात येऊन ‘‘हाच का तो?’’ असं विचारणाऱ्याला मी काय सांगू? सांगतो, ‘‘हाच तो, पण सध्या पाणी ड्यूटीवर गेलंय.’’

म्हणून मी मनातल्या मनात इथल्या निसर्गाचे दोन भाग केलेत. एक सरकारी, म्हणजे मोरीवाला. त्याची चौकशी करता येते, धरणावर ओळखीचा एखादा माणूस असला तर निरोप मिळतो, आणि तो नसला तर दोष द्यायला एक खातं तरी असतं. दुसरा बिनसरकारी: धुकं, वारा, काजवे, ढग. त्याला ना खातं, ना फोन. पाहुण्यांच्या लेखी हा दुसरा भाग माझ्या अखत्यारीत येतो.

यात सगळ्यात जास्त तक्रारी धुक्याच्या. आमच्याकडे चार खोल्या ‘लेक व्ह्यू’ आहेत. भाडं पाचशे रुपयांनी जास्त. नोव्हेंबर ते मे या पाचशे रुपयांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण पडदा सरकवला की आख्खा आर्थर लेक, पलीकडे रतनगड, आणि नशीब असेल तर पाण्यावरून जाणारा बगळा, असा ऐवज हाती पडतो. जुलैत पडदा सरकवला की आणखी एक पडदा दिसतो. पांढरा. तो सरकत नाही.

‘‘मॅनेजर, लेक कुठाय?’’

‘‘समोरच आहे सर.’’

‘‘समोर काही नाहीये.’’

‘‘धुकं आहे सर. त्याच्या मागे आहे.’’

‘‘किती मागे?’’

‘‘शंभरेक पावलांवर.’’

‘‘मग धुकं कधी जाणार?’’

इथे नवखा मॅनेजर ‘‘माहीत नाही’’ असं उत्तर देतो आणि त्याची नोकरी जाते. मुरलेला मॅनेजर घड्याळात बघतो, घाटघरच्या दिशेला बघतो आणि म्हणतो, ‘‘साडेअकरापर्यंत थोडं उघडेल असं वाटतंय.’’ साडेअकराला पाहुणे बाहेर गेलेले असतात. या पाहुण्याने मात्र वेगळाच मार्ग काढला. रिसेप्शनच्या भिंतीवर तलावाचा मोठा फोटो लावलाय, नोव्हेंबरातला, निळ्याशार पाण्याचा. त्यांनी तो मोबाईलने व्यवस्थित टिपला, कडा कापल्या, चौकटीची लाकडी पट्टी काढून टाकली आणि शेंडीला वडापाव खायला गेले तेव्हा रेंजमध्ये येताच नातेवाइकांना पाठवून दिला. वर लिहिलं, ‘आमच्या खिडकीतून’. भाऊजींचा लगेच फोन आला म्हणे, की आमच्याकडे ठाण्यात मुसळधार पडतोय आणि तुमच्याकडे ऊन कसं? त्यावर यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. ‘‘इथला मॅनेजर चांगला आहे.’’

पावसाचा हिशोबही इथे वेगळाच आहे. तलावाच्या पश्चिम टोकाला, कोकणकड्याच्या काठावर घाटघर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि त्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी जेमतेम पाच-सहाशे. म्हणजे जिल्हा एक, कलेक्टर एक. या टोकाला टँकरच्या खेपा मोजतात आणि त्या टोकाला आम्ही वाळलेली चादर दाखवा नि बक्षीस मिळवा अशी स्पर्धा ठेवू शकतो. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे काहीही वाळत नाही. मिठाच्या बरणीत मिठाचा दगड होतो. काडेपेटी ओढली की गुलाचा लगदा होऊन बोटाला चिकटतो. पाहुण्यांच्या रजिस्टरची पानं एकमेकांना अशी बिलगतात की मुलुंडचं कुटुंब आणि हडपसरचं कुटुंब कायमचं एक होऊन जातं. चादरी आम्ही स्वयंपाकघरात, चुलीच्या वर आडव्या दोऱ्या बांधून वाळवतो. खाली मावशी पिठल्याला लसणाची फोडणी देतात आणि वर डबल बेडची चादर ती फोडणी शांतपणे शोषून घेते. एका पाहुण्याने रात्री फोन करून सांगितलं की उशीला भुकेचा वास येतोय. जेवण होऊनसुद्धा झोप लागेना म्हणाले. मावशींनी त्यांना रात्री साडेदहाला नागलीची भाकरी आणि ठेचा पाठवला, तेव्हा कुठे उशी गप्प झाली.

पॉइंट गोळा करणाऱ्या मंडळींबद्दल फार लिहीत नाही, कारण ते स्वतःच फार थांबत नाहीत. तलावाला वळसा घालणारा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा. सकाळी आठला निघतात: रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, एकला परत. ‘‘झालं सगळं. आता काय?’’ रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात. सगळे त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतात, पण ज्याच्या नावाने हे म्हणतात तो हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, यादवांच्या दरबारातला. देऊळ त्याच्याही आधीचं. शिखरावरचं कोरीवकाम बघायला मान दुखेपर्यंत वेळ हवा. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड त्याच्याखाली जाते. या देवळासमोर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘‘वॉटरप्रूफिंग केलं नव्हतं का?’’ बिल्डर होते.

या सगळ्या दुनियेत खरी कसोटीची वेळ येते ती मे महिन्याच्या शेवटी. काजवे.

मान्सूनच्या तोंडावर, वळवाचे एक-दोन सडाके पडून गेले की पांजरे, मुरशेत, उडदावणे, घाटघर या पट्ट्यातल्या झाडांवर काजवे लागतात. सगळ्या झाडांवर नाही, त्यांची झाडं ठरलेली: हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. आख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं आणि मग शेजारचं झाड त्याला उत्तर देतं. बघितलं नसेल त्याला सांगून पटत नाही, आणि ज्याने बघितलंय तो सांगायला लागला की कंटाळा आणतो, म्हणून मी इथेच थांबतो. पण पाहुण्यांचे प्रश्न सांगायलाच हवेत. काजवे लहान मुलांसाठी सेफ आहेत का? जैनांसाठी वेगळी सोय आहे का? (हा प्रश्न जेवणाचा होता, पण दोन्ही एका दमात विचारले गेले.) पाऊस पडला आणि काजवे आले नाहीत तर अ‍ॅडव्हान्स परत मिळेल का? एका कंपनीच्या एचआरवाल्या ताईंनी तर लेखी हमी मागितली होती, की चाळीस जणांच्या ग्रुपला दर माणशी किमान इतके काजवे.

आता हा सारा प्रकाश काजवे आपल्यासाठी पाजळत नाहीत. नर लुकलुकून मादीला आपलं स्थळ कळवत असतात. प्रौढ काजव्याला आयुष्य मिळतं काही आठवड्यांचं आणि त्यात त्याला लग्न जमवायचं असतं. म्हणजे हा त्यांचा वधूवर मेळावा. आपल्याकडच्या मेळाव्यात स्टेजवर मुलगा ‘‘शिक्षण बी.कॉम., स्वतःचा टू बीएचके’’ असं सांगत असताना कोणी हॉलमध्ये एसयूव्ही घालून हायबीम मारला, वर ‘‘ए पिंकी, इकडे बघ, इकडे जास्त आहेत’’ असं ओरडलं, तर किती लग्नं जमतील? काजव्यांच्या गावात शनिवारी रात्री हेच चालतं. वनखातं नाक्यावर पावती फाडतं, सूचना देतं. हेडलाइट बंद ठेवा, टॉर्च मारू नका, झाडाखाली जाऊ नका. पाहुणे सगळं ऐकून घेतात आणि पहिल्या झाडाशी पोचले की मोबाईलचा फ्लॅश लावून प्रकाशाचा फोटो काढतात.

गेल्या मोसमातली गोष्ट. पांजऱ्याच्या पुढे एका सादड्याखाली आम्ही उभे होतो. आम्ही म्हणजे पाहुण्यांची एक तुकडी, बाबा आणि मी. गाड्या लांब लावायला लावल्या होत्या. डोळे अंधाराला सरावले तसं झाड पेटायला लागलं. बुंध्याकडून सुरुवात, मग फांद्या, मग शेंडा, आणि मग सगळं एका तालात. क्षणभर कोणी बोललं नाही, यावरून तुम्हाला कल्पना यावी. मग एक साहेब, पुण्याचे, आयटीतले, बाबांजवळ सरकले आणि हळू आवाजात विचारते झाले, ‘‘बाबा, हे सगळे एकाच वेळी लागतात, एकाच वेळी विझतात. हे कंट्रोल कोण करतं?’’

बाबांनी थोडा विचार केला. ‘‘त्यांच्यात बी एखादा मॅनेजर असंल.’’

साहेबांनी मान डोलावली. उत्तर त्यांना पटलं होतं. त्यांच्या ऑफिसात हजार माणसं असूनही असं काही जमत नसावं.

मला सुट्टी मिळते ती आडवारी, गर्दी ओसरल्यावर. मग मी आणि बाबा फिरायला जातो. म्हणजे मी फिरायला जातो. बाबा गुरं शोधायला, सरपण बघायला किंवा साम्रदच्या पाहुण्यांकडे निरोप द्यायला जातात आणि मी मागे लागतो. माझ्या पायात भरपूर पैसे देऊन घेतलेले ट्रेकिंग शूज असतात, त्यांच्या पायात रबरी चप्पल. शेवाळावरून ते चालत जातात आणि मी शूजची वॉरंटी आठवत बसून घसरत जातो.

साम्रदची सांदण दरी मी पहिल्यांदा अशीच बघितली, डिसेंबरात. सपाट माळ असतो, तो चालता चालता मधोमध उभा चिरलेला दिसतो, आणि त्या भेगेत आपण उतरतो. दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, वर आभाळाची पट्टी, खाली मोटारीएवढे धोंडे. सुरुवातीला पाण्याचे डोह लागतात. एक गुडघ्याएवढा, दुसरा किती खोल असेल ते वर्षावर आणि तुमच्या उंचीवर. पाणी इतकं गार की पाय आपले आहेत की भाड्याचे ते कळेना. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद वाट. पावसाळ्यात हीच भेग नुसती पाण्याची नळी होते, तेव्हा आत जायचं नसतं. आत बोललेलं कातळ चारदा ऐकवतो. पुढे एक कुटुंब चाललं होतं आणि त्यांचा ‘‘तू डबा गाडीत विसरलास?’’ हा प्रश्न सांदणभर घुमून, कोकणात उतरून परत आला, तरी उत्तर आलं नाही.

सप्टेंबरात रतनगड. रतनवाडीतून चढायचं, शेवटाला लोखंडी शिड्या, आणि सगळ्यात वर नेढं. डोंगराच्या माथ्याला वाऱ्याने पाडलेलं आरपार भोक, एखाद्या बैठ्या घराच्या ओसरीएवढं. त्यात बसलं की वारा एका कानातून शिरतो नि दुसऱ्या कानातून बाहेर पडतो. डोकं नुसतं गाळणी. खाली उतारांवर सोनकी फुललेली, पिवळी जर्द. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग, पलीकडे 1646 मीटरचं कळसूबाई, म्हणजे राज्यातली सगळ्यात उंच जागा, आणि मधे तलाव, एकदम शांत, जसा रिसेप्शनवरच्या फोटोत आहे तसा. मी भारावून बाबांकडे बघितलं. तेही टक लावून खाली बघत होते. म्हटलं, चला, इतकी वर्षं इथे राहूनसुद्धा माणसाला याची भूल पडते.

‘‘ती बघा,’’ बाबा म्हणाले, ‘‘पांजऱ्याची डांगी परत पान्यात उतरली. मालक झोपला असंल.’’

मला पाण्याच्या काठी एक ठिपका दिसत होता. त्यांना ती गाय कोणाची, तिचं वय काय, आणि राजूरच्या प्रदर्शनात तिच्या आईला बक्षीस मिळालं होतं की नाही, एवढं दिसत होतं. डांगी ही इथली खास जात, धो धो पावसात उभी राहिली तरी ढिम्म हलत नाही. आमच्या पाहुण्यांपैकी एकानेही आजवर तिचा फोटो काढलेला नाही. खरं तर जुलैच्या पावसात समाधानी दिसणारा तो एकमेव जीव.

आवणीच्या दिवसांत बाबा आणि मावशी दोघंही रजेवर असतात. खाचरात गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायची, पाठीवर इरलं, वर पाऊस. नेमकी त्याच दिवसांत पाहुण्यांची गर्दी टिपेला पोचते. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या थांबतात, काचा खाली होतात, ‘‘वॉव, किती ग्रीन!’’ असं म्हणून वर होतात. एका ताईंना उतरून पाच मिनिटं भात लावून बघायचा होता, व्हिडिओसाठी. मावशींनी त्यांना आनंदाने जागा करून दिली. मग दुसऱ्या ताई उतरल्या. मग त्यांच्या सासूबाई. सासूबाई मूळच्या वाड्याच्या निघाल्या, भातशेतीत वाढलेल्या. त्यांनी साडी खोचली आणि एकही शब्द न बोलता आख्खी ओळ लावून काढली. मावशी अजून सांगतात, की मोसमातला एकमेव कामाचा पाहुणा तो.

पंधरा ऑगस्टचं काय सांगू? धरण साधारण त्याच सुमाराला भरतं आणि भरल्याची बातमी पेपरात आली की मुंबई, नाशिक आणि पुणे ही तिन्ही शहरं एकाच चाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर येतात. एकेरी वाहतूक करावी लागते. चार-चार तास गाडी जागची हलत नाही. पण गंमत अशी, की रस्त्याकडेच्या प्रत्येक दरडीवरून पाणी कोसळत असतं, त्यामुळे गाडी कुठेही अडकली तरी ती एका धबधब्यासमोरच अडकते. त्या दिवशी परत आलेले लोक सगळ्यात खूश असतात. कुठेच पोचलेले नसतात, म्हणून काहीच राहून गेल्यासारखं वाटत नाही.

तर या मोसमाच्या तोंडावर मालक नाशिकहून आले आणि त्यांनी तक्रारवही चाळली. पानं उलगडायला अर्धा तास गेला. जून ते सप्टेंबर जवळजवळ प्रत्येक पानावर एकच ओळ होती: लेक दिसला नाही. मला वाटलं, आता पाचशे रुपये कमी करतील. मालक धंद्यातला माणूस. त्यांनी टाकीवर चढून दोन फोन केले, आणि आठवड्यात नवी पाटी आली. चारही खोल्यांवरची ‘लेक व्ह्यू’ ही अक्षरं पावसाळ्यापुरती उतरवून तिथे ‘क्लाउड व्ह्यू’ अशी अक्षरं लागली. भाडं पाचशेच्या ऐवजी आठशे रुपयांनी जास्त. खोल्या ऑगस्ट संपेपर्यंत भरल्या. तक्रार शून्य. लोक पडदा सरकवायचे, पांढऱ्या भिंतीकडे बघायचे आणि पैसे वसूल झाल्याच्या आनंदात चहा मागवायचे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी अचानक उघडीप झाली. अशी उघडीप की रतनगडाचं नेढं लॉजच्या अंगणातून दिसावं. तलाव काठोकाठ, हिरवा रंग डोळ्यांत मावेना. मी नोकरमंडळींना बाहेर बोलावलं, मावशी हात पुसत आल्या. तेवढ्यात चार नंबरचे पाहुणे जिन्यावरून तरातरा खाली आले.

‘‘मॅनेजर, हे काय आहे? आम्ही क्लाउडचे पैसे भरलेत. खिडकीतून नुसतं पाणी दिसतंय!’’

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी कपाळावर हात धरून पश्चिमेला नजर टाकली.

‘‘सांगा त्यांना,’’ ते म्हणाले, ‘‘निघालेत घाटघरवरून.’’